कृषी सेवा केंद्रातल्या कविता

तासगाव,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

ती. जयराजदादांच्या पायांशी बाळासोचा वाकून नमस्कार.

इकडं मी, तुमची बहीण, म्हैस आणि बाग असे चौघेही बरे आहोत. (बाग बरी म्हणजे डावणीची बुरशी येऊन गेली, पण घड राखले.) तुमची तब्येत कशी आहे, हे तुम्ही फोन उचलत नसल्यामुळं तुमच्या शेजारच्या मनुबाईंना विचारावं लागतं, आणि मनुबाई "दादा बरं हायत" एवढं सांगून लगेच स्वतःच्या गुडघ्यांवर येतात. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची मला आता खडानखडा माहिती झाली आहे, तुमची मात्र काही नाही. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. तुमच्यासारख्या फौजेतल्या माणसाचा फोनपेक्षा टपालावर भरवसा जास्त, असं तुमची बहीण म्हणते. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत असाल असं धरून चालतो. कडेगावला थंडी पडली असेल, तर सकाळी फिरायला जाताना कानटोपी घालावी. वहिनींच्या माघारी हे सांगायला कुणी नाही म्हणून मी सांगतो, राग मानू नये.

पत्रास कारण पुस्तक. संयोगितेच्या कवितांचं पुस्तक आम्ही स्वतःच छापून घेतलं, ते तुम्हाला टपालानं पाठवलं, इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढं त्या पुस्तकापायी आमची जी वरात निघाली ती मात्र तुमच्या कानावर आली नसेल, कारण ती मनुबाईंनाही मी सांगितलेली नाही.

तुमची बहीण कविता करते हे मला लग्नापासून माहीत होतं. म्हणजे शेजाऱ्याला दमा आहे हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं. भाकरी थापताना ओठ हलायचे, मी समजायचो की कविता चालली आहे, आणि भाजी करपली तरी काही बोलायचो नाही. पण गेल्या वर्षी वहिनी गेल्या आणि त्यानंतर ती जी लिहायला लागली ती थांबेनाच. एकदा चहाची कपबशी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आवं, पुस्तक करावं म्हणते." दादा, इतक्या वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्याकडं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. (एकदा मिक्सर मागितला होता, पण तो घरासाठी.) त्यामुळं मी चहा तसाच ठेवला आणि करू म्हणालो. कसं करायचं असतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आधी पुण्याच्या एका प्रकाशकांकडं गेलो. माणूस सज्जन, चहा पाजला, कविता चाळल्या आणि म्हणाला की कविता चांगल्या आहेत पण कवितेला गिऱ्हाईक नाही. मी म्हणालो, साहेब, एके काळी काळ्या बेदाण्याला पण नव्हतं. ते हसले, पुस्तक काही घेतलं नाही. परतताना गाडीत मी ठरवून टाकलं की आपणच छापायचं. आपण माल पिकवतो, वाळवतो, निवडतो, पेट्या भरतो, सौद्याला नेतो, मग पुस्तकात असं काय अवघड आहे? हे मी सूनबाईला, म्हणजे आमच्या पल्लवीला, फोनवर सांगितलं. ती पुण्यात कंपनीत आहे आणि तिला सगळं माहीत असतं. ती म्हणाली, "पप्पा, स्वतः काढलेलं पुस्तक चालायचं असेल तर आधी ते परक्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, कव्हर देखणं करा, प्रकाशनाचा कार्यक्रम करा, पुस्तकात फोन नंबर द्या आणि जिथं गिऱ्हाईक येतं तिथं पुस्तक ठेवा." दादा, मी पोरीचं अक्षर न् अक्षर ऐकलं. जे झालं ते ऐकण्यात कसूर केली म्हणून झालं नाही.

तपासायला म्हणून सांगलीचे एक निवृत्त प्राध्यापक गाठले. विद्वान माणूस, लाल पेन घेऊनच जन्माला आलेले. त्यांनी आठवडाभरात सगळ्या कविता शुद्ध करून दिल्या. तुमच्या बहिणीची एक कविता आहे, 'आमची म्हस यंदा गाभण राहिली नाही' अशी सुरू होते. ती त्यांनी 'आमुची महिषी यंदा वंध्या राहिली' अशी केली होती. संयोगितेनं ते वाचलं, खिडकीतनं गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "महिषी दूध देत न्हाई." पुढचे चार दिवस ती शुद्ध केलेलं परत अशुद्ध करत बसली. (सरांनी एके ठिकाणी मात्र लाल पेनानं नुसतं 'वा' लिहिलं होतं. ते पान तिनं जपून ठेवलं आहे. तेव्हा सरांना वाईट म्हणायचं नाही.)

मग छापखाना. सांगलीचे नानासो छापखानेवाले मुख्यत्वे लग्नपत्रिका आणि औषध कंपन्यांची कॅलेंडरं छापतात. संयोगितेनं पुस्तकाचं नाव ठेवलं होतं 'छाटणीनंतर'. तिला कव्हरवर नुसती छाटलेली काडी हवी होती आणि त्या काडीवर एक फुटू घातलेला कोंबाचा डोळा. मी तसं नानासोंना सांगितलं. ते म्हणाले, "बाळासो, वाळल्या काडीकडं कोण बघतंय? घड टाकू या, घड!" आणि त्यांनी कंपनीच्या कॅलेंडरातला असा घड काढला, की दादा, मी जन्मभर द्राक्षं पिकवतोय, मला तसला घड आजवर आलेला नाही. पाण्याचे थेंब वगैरे. पल्लवी देखणं कव्हर म्हणाली होती, मी हो म्हणून बसलो.

छापायच्या आधीचे कागद तपासायला माझ्याकडं आले. बेदाण्याच्या पावत्या तपासायची सवय, त्यामुळं मी पानांचे आकडे तेवढे काटेकोर बघितले आणि ते सगळे बरोबर निघाले. अर्पणपत्रिकेच्या पानाला आकडा नसतो. तिथं संयोगितेनं लिहिलं होतं, 'माझ्या वहिनीस, जिनं मला वाढवलं'. छापून आलं, 'माझ्या वाहिनीस, जिनं मला वाढवलं'.

गठ्ठे टेम्पोतनं उतरले, तिनं पहिलं पुस्तक उघडलं आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं आनंदानं. मग तिनं पान माझ्यासमोर धरलं. आमच्या भागात वाहिनी म्हणजे पाण्याची पाइपलाइन, हे तुम्हाला सांगायला नको. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण दादा, ती आधी हसली. मग रडली. मग पदरानं डोळे पुसून पुन्हा हसायला लागली आणि म्हणाली, "वहिनी असती तर म्हणाली असती, चला, घरात पाणी तरी आलं." वहिनींचा आवाज तिनं इतका हुबेहूब काढला की मी मागं वळून बघितलं.

मग आम्ही दोघं ओट्यावर बसून पांढऱ्या शाईनं प्रत्येक पुस्तकातला तो एक काना पुसत राहिलो. तिचा हात हलका, माझा बेदाण्याच्या पेट्या उचललेला. मी काना पुसता पुसता काही पुस्तकांत अख्खा शब्दच पुसून टाकला. त्या पुस्तकांत आता नुसतं 'माझ्या' आहे, मग पांढरा डाग, आणि पुढं 'जिनं मला वाढवलं'. ती फेकून देऊ म्हणालो तर संयोगिता नको म्हणाली. वाचणारा ज्याचं त्याचं माणूस तिथं घालून घेईल, म्हणाली. (तुम्हाला पाठवलेल्या प्रतीतला काना तिनं स्वतः पुसला आहे. मला त्या प्रतीला हात लावू दिला नाही.)

प्रकाशन आम्ही आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये केलं. हंगाम संपलेला, जाळ्या रिकाम्या, वारा चांगला. प्रमुख पाहुणे म्हणून भागातले एक मोठे पुढारी यायचं कबूल झाले आणि चक्क आले. पुस्तक त्यांनी स्टेजवर पहिल्यांदाच बघितलं, तेही बाहेरनं. घड बघितला आणि त्यांना जो हुरूप आला! निर्यात, शीतगृह, अवकाळी, विमा, सगळं बोलले. शेवटी म्हणाले की एका भगिनीनं इतक्या तांत्रिक विषयावर लेखणी उचलली ही तालुक्याला भूषणावह गोष्ट आहे. टाळ्या लय पडल्या. मी संयोगितेकडं बघितलं तर ती तोंडात पदर धरून खाली मान घालून बसलेली आणि खांदे हलत होते. लोकांना वाटलं भरून आलंय. तिला दोन शब्द बोलायला उभं केलं, पण हसू आवरेना म्हणून नमस्कार करून खाली बसली. आमच्याच बेदाण्याची एकेक पुडी पुस्तकासोबत भेट ठेवायची ही माझी युक्ती होती. लोकांनी बेदाणे नेले. पुस्तकं खुर्च्यांवर ठेवून गेले.

त्यानंतरचे दोन-तीन महिने काही बरे गेले नाहीत. गठ्ठे शेडमध्ये एका कोपऱ्यात रचले आणि पावसाची ओल लागू नये म्हणून ताडपत्रीनं झाकले. पाव्हणेरावळ्यांना वाटली तेवढी वाटली. कुणी वाचल्याचं म्हणाला नाही. तिनं घरात पुस्तकाचा विषय काढणं सोडून दिलं, आणि मला जास्त लागलं ते असं की भाकरी थापताना तिचे ओठ हलायचे बंद झाले. भाजी आता कधीच करपत नव्हती, पण मला ती गोड लागेना. एकच विचारायची, रोज. "दादाला पोचलं असंल का हो?" मी म्हणायचो, पोचलं असेल. मग ती गोठ्याकडं जायची.

शेवटी पल्लवीचा शेवटचा मुद्दा आठवला, जिथं गिऱ्हाईक येतं तिथं पुस्तक ठेवा. आता आमच्याकडं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक कुठं येतं? देवळात नाही, वाचनालयात तर नाहीच. येतं ते इंद्रजितच्या कृषी सेवा केंद्रात. इंद्रजित माझ्या दोस्ताचा मुलगा, पोरगा गुणी. त्यानं एक गठ्ठा काउंटरवर, बुरशीनाशकाच्या डब्यांशेजारी मांडला. दिवस कुठले? ऐन फळछाटणीच्या तोंडचे. गठ्ठा आठवड्यात संपला, दादा! दुसरा नेला, तोही गेला. मी धावत घरी येऊन संयोगितेला सांगितलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी भाजी करपली. मी तीन वाट्या खाल्ली.

मग फोन सुरू झाले. पल्लवीच्या सांगण्यावरून पुस्तकात नंबर माझा घातलेला. पहिला फोन सकाळी दूध काढायच्या वेळेला. पलीकडनं एक जण विचारतो, घड औषिधात बुडवायचं, डिपिंगचं, कुठल्या पानावर हाय? मी म्हणालो, कविता आहेत. तो म्हणाला, ते दिसतंय, पण डिपिंगचं कुठं हाय? दुसऱ्यानं अर्पणपत्रिका वाचून (त्याच्या प्रतीत काना पुसायचा राहिला असावा) पाइपलाइन किती इंची घेतली होती असं विचारलं. तिसऱ्याची तर तक्रारच होती. "आवं, सातव्या पानावर लिवलंय, 'पानं करपली, तू आला नाहीस'. आता ह्यो करपा कुठला, आन् कोण यायचं हुतं? कंपनीचा मानूस?" मी त्याला काय सांगू, दादा? मी म्हणालो, व्हय, कंपनीचा. तो म्हणाला, आमच्याकडं पण येत न्हाईत.

आपण लोकांना फसवतोय असं वाटायला लागलं. इंद्रजितला सांगितलं, पुस्तकं काढून घे आणि जो परत आणेल त्याचे पैसे चुकते कर, मी देतो. गंमत म्हणजे परत फारशी आली नाहीत. एकानं फोनवर सांगितलं, "औषिधाचं काय न्हाई ह्यात, मी परतच देणार हुतो. पर बायको सोडंना झालीया पुस्तक." मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

आणि एका सकाळी जतकडचे बिराप्पा आले. मी बागेत फवारणीच्या तयारीत, आणि मोटारसायकल थेट बांधापर्यंत. धिप्पाड गडी, डोक्याला तांबडा फेटा, मागं त्यांची बायको हरणाबाई. बापजाद्यांची मेंढरं, आणि आता यांनी पहिल्यांदाच एकरभर बाग लावलेली, तीही टँकरच्या पाण्यावर. पुस्तक माझ्या पुढ्यात धरून म्हणाले, "ह्ये तुमीच का?" मी म्हणालो, होय. "आवं, पोरीनं, राणीनं, रोज सांजचं वाचून दावलं. आज येतंय, उद्या येतंय छाटणीचं, म्हनून मी बसलोय. शेवटचं पान आलं तरी छाटणी न्हाई! आता माझी बाग तशीच हुबी हाय. काय करू?"

दादा, त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. पहिल्या बागेची काळजी काय असते ते मला माहीत आहे. मी फवारणी बाजूला ठेवली, कात्री घेतली आणि त्यांना ओळीओळीनं हिंडवलं. आमची बाग छाटून झाली होती, पण काडी कुठं मारायची, किती डोळे ठेवायचे, डोळे फुटावेत म्हणून पेस्ट कशी लावायची ते सगळं बांधावरच्या चार जुन्या वेलींवर करून दाखवलं. छाटणीवाल्या टोळीच्या मुकादमाला तिथनंच फोन लावला आणि परवा जतला जायचं पक्कं करून दिलं. बिराप्पांचा जीव भांड्यात पडला. मग म्हणालो, चला, चहा घेऊ.

घरात आलो तर स्वयंपाकघरात हरणाबाई आणि तुमची बहीण समोरासमोर जमिनीवर बसलेल्या. हरणाबाईंना वाचता येत नाही. त्या पुस्तकाच्या मधल्या एका पानावर बोट ठेवून म्हणत होत्या, "वेणीचं म्हना की बाई. तुमच्या तोंडनं ऐकायचं हाय." ती कविता संयोगितेनं कुणासमोर कधी म्हटली नव्हती. माझ्यासमोरही नाही. प्रकाशनाच्या दिवशी तिनं ते पान दुमडून ठेवलं होतं. आणि आता ती पुस्तक न बघता म्हणाली:

वहिनीनं लहानपणी माझी वेणी घातली,
इतकी घट्ट, की डोळे ताणून शाळेत गेले.
परवा दवाखान्यात तिच्या डोक्यावरनं हात फिरवला,
हाताला केस लागले नाहीत, ऊब लागली.
ती म्हणाली, रडतेस काय गं,
छाटणी झालीय. आता बघ, फुटतंय कसं.

मी आणि बिराप्पा दारात उभे. त्यांनी फेटा काढून हातात घेतला होता. हरणाबाईंनी हळूच विचारलं, "मग, फुटलं का?" संयोगितेनं मान हलवली. नाही. चहा उतू गेला, तो मी जाऊन बंद केला.

मग हरणाबाई सांगायला लागल्या. त्यांची थोरली जाऊ अशीच गेलेली. तिची लेकरं यांनीच वाढवली. "पर घरात तिचं नाव काडायची सोय न्हाई. नाव काडलं की दीर उठून रानात जातो. चार वर्सं झाली. राणीनं ही वेणीची कविता वाचली त्या सांजला दीर अंगणात बसलेला. मला वाटलं, उटला आता. पर उटला न्हाई. संपल्यावर म्हनला, आनिक एकदा वाच. आन् मग बाई, पहिल्यांदा बोलला तिच्याबद्दल. तिला डाळिंबं आवडायची म्हनला. एवडंच. पर बोलला." हे सांगून त्यांनी संयोगितेचा हात आपल्या हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. बिराप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी पुस्तक माघारी द्यायला आलतो."

"मग?" मी विचारलं.

"आता असू द्या. आनिक धा-वीस द्या. हिच्या बचत गटातल्या बाया मागाय लागल्यात."

त्या दिवसापासून फोन बदलले, दादा. पूर्वी पुरुष विचारायचे, डिपिंग कुठल्या पानावर आहे. आता बायकांचे फोन येतात, आणि त्या मला विचारतच नाहीत. "बाईंना द्या जरा," म्हणतात. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात जातो आणि बाहेर येतो. कुणी आपल्या सासूचं सांगतं, कुणी मेलेल्या बहिणीचं. जतकडनं एकदा कुणीतरी निम्मं कानडीत बोलली, तुमच्या बहिणीला अक्षर कळलं नाही, पण दोघी जणी फोनवर मिळून रडल्या. ताडपत्रीखालचे गठ्ठे संपले. माझ्या हातानं पांढरे डाग पडलेलीसुद्धा गेली, उलट ती आधी गेली. पल्लवी म्हणते, पप्पा, याला यश म्हणतात. मी म्हणालो, असेल. पण तुझ्या यादीत हरणाबाई नव्हत्या.

तुमच्या ओळखीत कुणी स्वतःचं पुस्तक काढणार असेल तर माझ्यातर्फे सांगा की कव्हरवर फळ छापू नये, आकड्यांशिवायची पानंही वाचावीत आणि पुस्तकासोबत खायला काही देऊ नये. बाकी काय चालतं आणि कशानं चालतं, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर घरात भाजी पुन्हा करपायला लागली आहे आणि मी सुखी आहे.

थोरांनी लोभ ठेवावा, थंडीत जपावं आणि मनुबाईंना गुडघ्यांना लावायचं तेल पाठवतोय ते पोचतं करावं.

तुमचा,
बाळासो

ता. क. नानासो दुसरी आवृत्ती काढू या म्हणून मागं लागले आहेत. (या वेळी काडीचं चित्र टाकू म्हणतात.) पण तुमची बहीण तयार नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "एक मानूस वाचायचा राहिलाय. त्यानं वाचू दे, मग छापा किती छापायचं ते." तर दुसरी आवृत्ती तुमच्यामुळं अडली आहे हे कळावं.

आणखी एक. मनुबाईंकडनं कळलं की आमचं पुस्तकाचं पाकीट तुम्ही फोडलेलंच नाही. वहिनींच्या फोटोजवळ ठेवलं आहे आणि रोज फोटो पुसताना तेही पुसता. दादा, मी तुम्हाला वाचा म्हणत नाही. वर मी ती कविता लिहून टाकली आहे, ती तुम्ही वाचलीच असणार, त्याबद्दल क्षमा असावी. मला दुसरा मार्ग सुचला नाही. दवाखान्यात त्या वेळी तुम्ही खिडकीकडं तोंड करून उभे होता, हे मला संयोगितेनं सांगितलं आहे. बाकीचं पुस्तक एकट्यानं वाचू नका. ते पाकीट घेऊन इकडं या. भाऊबीजेला तिनं ताट मांडून ठेवलं होतं, शेवटी त्यातल्या निरांजनातलं तेल संपेपर्यंत बघत बसली. भाऊबीज होऊन गेली हे खरं, पण आमच्याकडं तिथीचं एवढं काही नाही. कडेगावहून एसटी आहे. नाहीतर मी गाडी घेऊन येतो, नुसतं कळवा.

आणखी एक, शेवटचं. हे पत्र तिला माहीत नाही. तुम्ही आलात तर आपल्या मनानं आलो असं सांगा. मी उद्या दिवसभर फवारणीत आहे, म्हणून या पत्राचं पाकीट नीट चिकटवून तिच्याकडंच देतोय, बाजारला जाताना पोस्टात टाक म्हणून. बेदाण्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेलं पत्र आहे असं सांगितलं आहे.

दादा,

बेदाण्याच्या व्यापाऱ्याला कुणी पाकिटावर 'ती.' लिहीत नाही, आणि पुढं नाव तुझं होतं. भाताच्या वाफेवर उघडलं. शुद्धलेखन सुधारलंय. माझं कौतुक केलेली तीन-चार वाक्यं खोडली आहेत, ती वाचायचा प्रयत्न करू नकोस. भाजीचं यांनी जरा वाढवून लिहिलंय.

मी हे पोस्टात टाकलं नाही. बाजारची पिशवी घेऊन एसटी स्टँडवर आले आणि कडेगावच्या गाडीत बसले. हे गाडीत लिहितेय, म्हणून अक्षर हलतंय. पत्र मी तुझ्या हातात देणार आहे आणि तू वाचत असशील तोवर आत जाऊन चहा टाकणार आहे. तिकडं बघू नकोस, सावकाश वाच. पुस्तकाचं पाकीट मग दोघं मिळून फोडू, नाहीतर आज नको म्हणालास तर नको.

वाचून झालं असेल तर एवढंच सांग. साखर कुठं ठेवलीयस?

संयू